माळ्यावरचा संगणक सुरू करण्याआधी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जुन्या घरगुती संगणकांच्या दुरुस्तीबद्दल सोलापुरातून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरांआधी एक कळकळीची विनंती. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेलं यंत्र 'चालतंय का बघू' म्हणून थेट प्लगला लावू नका. या पिढीच्या संगणकांत मोठं नुकसान बहुतेक वेळा वीजपुरवठ्यातून होतं, आणि एक खराब भाग जाताना चार चांगले भाग सोबत नेतो. आधी मल्टिमीटर, मग स्विच.

प्रश्न : वडिलांनी घेतलेला पुण्याचा 'डीबी स्पेक्ट्रम' घरात आहे. मूळ अ‍ॅडॉप्टर हरवला. बाजारातून ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणून लावला, तर टीव्हीवर नुसते उभे पट्टे आले आणि यंत्र तिथेच थांबलं. रॅम गेली असेल का? कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, साखर पेठ

उत्तर : रॅम गेली असण्याची शक्यता आहे, पण सुरुवात अ‍ॅडॉप्टरपासून करा. डीबी स्पेक्ट्रम म्हणजे आतून सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा ४८ के स्पेक्ट्रम प्लसच. त्याच्या पिनमध्ये आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो. बाजारातले बहुतेक अ‍ॅडॉप्टर याच्या उलट असतात आणि पिन मात्र तंतोतंत बसते. उलट पुरवठ्यापासून वाचवणारा डायोड या बोर्डावर नाही, त्यामुळे चुकीचा अ‍ॅडॉप्टर एकदा लागला तरी रेग्युलेटर (व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारा भाग) आणि त्याच्या पुढचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. नवा अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्ट डीसी, किमान २ अँपिअरचा घ्या, मीटरवर ध्रुव तपासा, गरज असल्यास वायर कापून उलटी जोडा आणि त्यावर रंगीत टेप लावून ठेवा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणाचा गोंधळ होणार नाही. ट्रान्सफॉर्मरवाला जुन्या पद्धतीचा अ‍ॅडॉप्टर लोड नसताना ११-१२ व्होल्ट दाखवतो. तो बिघाड नव्हे.

आता यंत्र उघडा. कीबोर्डच्या रिबन (प्लॅस्टिकच्या चपट्या पट्ट्या) सरळ वर ओढून काढा, वाकवू नका. पहिल्या १६ के मेमरीसाठी ४११६ जातीच्या आठ चिप असतात, बोर्डावरच्या क्रमांकांनी आयसी ६ ते आयसी १३. या चिपना तीन वेगळे व्होल्टेज लागतात. मीटरची काळी प्रोब ७८०५ रेग्युलेटरच्या मधल्या पायाला लावा आणि कोणत्याही एका ४११६ वर मोजा : पिन ९ वर ५ व्होल्ट, पिन ८ वर १२ व्होल्ट, पिन १ वर उणे ५ व्होल्ट. पिन १६ म्हणजे ग्राउंड. लाल प्रोबवर स्लीव्ह चढवून फक्त टोक उघडं ठेवा. प्रोब घसरून पिन ८ आणि पिन ७ जोडल्या गेल्या, तर १२ व्होल्ट अ‍ॅड्रेस लाइनवर जाऊन चांगला भाग जळेल.

५ व्होल्ट बरोबर आहे, १२ च्या जागी बरंच कमी येतंय आणि उणे ५ जवळपास शून्य आहे, असं दिसलं तर टीआर ४ बघा. हा झेडटीएक्स ६५० ट्रान्झिस्टर एका छोट्या कॉइलच्या मदतीने १२ आणि उणे ५ व्होल्ट तयार करतो. स्पेक्ट्रममध्ये सर्वांत जास्त जाणारा भाग हाच. यंत्र चालू असताना मागच्या कनेक्टरमधून काही काढलं किंवा घातलं तरी तो जातो. तो बदलायचा तर झेडटीएक्स ६५१ चालतो. पण घाईने बदलू नका. पुरवठा काढून १२ व्होल्टच्या लाइनचा ग्राउंडशी रोध मोजा. तो काही ओहमच दिसला तर एखादी ४११६ आतून शॉर्ट आहे, आणि नवा टीआर ४ पहिल्या सेकंदातच जाईल. शेजारचा टीआर ५, म्हणजे झेडटीएक्स २१३, त्याच वेळी डायोड मोडवर तपासा.

उणे ५ व्होल्टवर एवढा भर देण्याचं कारण आहे. ४११६ चिपच्या सिलिकॉनच्या तळाला हे व्होल्टेज लागतं. ते नसताना १२ व्होल्ट मिळाले तर चिपमधून नको त्या वाटेने प्रवाह वाहतो, ती तापते आणि मरते. म्हणूनच तिन्ही व्होल्टेज बरोबर येईपर्यंत यंत्र चालू ठेवायचं नाही, 'पाच मिनिटं बघूया' असंही नाही.

व्होल्टेज बरोबर असूनही पट्टे आले, तर ते पट्टे वाचा. सुरू होताना स्पेक्ट्रम सगळ्या मेमरीत २ हा आकडा भरतो, म्हणून काळ्या पडद्यावर लाल बारीक उभ्या रेघा क्षणभर दिसतात. त्या दिसणं चांगलंच. चित्र त्यावरच अडकलं, तर तपासणी अर्धवट राहिली आहे. चित्राची मेमरी १६३८४ या पत्त्यापासून सुरू होते, म्हणजे याच आठ चिपमध्ये असते, आणि प्रत्येक चिप बाइटचा एक बिट सांभाळते. दर आठ पिक्सेलनंतर त्याच जागी एक रेघ कायम उमटत असेल, तर त्या जागेचा बिट अडकलेला असू शकतो. आठांतला सर्वांत डावा पिक्सेल बिट ७, म्हणजे आयसी १३. सर्वांत उजवा बिट ०, म्हणजे आयसी ६. हा पुरावा पक्का नाही, कारण मेमरीला पत्ते पुरवणारा मल्टिप्लेक्सर आयसी बिघडूनही पट्टे येतात. पण आठही चिप बदलण्यापेक्षा कोणती आधी बघायची, हे त्यावरून ठरतं. हाताला भाजण्याइतकी गरम चिप सापडली तर शोध तिथेच संपतो.

चिप काढताना ती वाचवायचा मोह सोडा. निपरने तिचे १६ पाय शरीराजवळ कापा, मग एकेक पाय सोल्डर वितळवून चिमट्याने काढा, भोकं डिसोल्डर पंपाने साफ करा आणि तिथे सॉकेट बसवा. या बोर्डांचे ट्रॅक उष्णतेने पटकन उचकटतात. एक चिप गेली तरी चालेल, बोर्ड गेला तर काही उरत नाही.

यंत्र सुरू होऊन पडद्यावर सिंक्लेअरचं नाव असलेली ओळ आली, तरी एक चाचणी करा : प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३ ही ओळ चालवा. उत्तर ६५५३५ आलं तर सगळी मेमरी जागेवर आहे. ३२७६७ आलं तर वरची ३२ के गायब आहे. तेव्हा आयसी १५ ते आयसी २२ आणि त्यांच्याजवळचे छोटे लॉजिक आयसी बघायचे.

प्रश्न : माझ्या स्पेक्ट्रमवर एक, क्यू, ए, कॅप्स शिफ्ट, शून्य, पी, एंटर आणि स्पेस ही बटणं चालत नाहीत. बाकी सगळी चालतात. आयसी खराब असेल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आयसीचा संशय सर्वांत शेवटी. कीबोर्डची जाळी ८ गुणिले ५ ची आहे, आणि तुम्ही लिहिलेली आठही बटणं पाचांपैकी एकाच तारेवर आहेत, दोन्ही बाजूंची सर्वांत बाहेरची. म्हणजे पाच पट्ट्यांच्या अरुंद रिबनमधली एक पट्टी तुटली आहे. १ ते ५ अशी सलग पाच बटणं गेली असती, तर आठ पट्ट्यांच्या रिबनकडे बघावं लागलं असतं.

या रिबनचं प्लॅस्टिक उन्हाळ्याच्या झळांनी कडक होतं आणि कनेक्टरच्या अगदी तोंडाशी त्याला चीर पडते. रिबनला थोडी सैल लांबी असेल तर टोकाचे ४-५ मिलिमीटर सरळ कापून पुन्हा घाला. नसेल तर नवी मेंब्रेन, म्हणजे बटणांखालची रिबनसकट पातळ प्लॅस्टिकची चादर, आणा. ती आजही तयार होते. चांदीच्या शाईने रिबन जोडण्यात वेळ घालवू नका, कारण पुढच्या वाकण्यात ती पुन्हा तुटते.

प्रश्न : आमच्या शाळेत १९८४ च्या क्लास योजनेतला (शाळांमधल्या संगणक-शिक्षणाची सरकारी योजना) बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक आहे. प्रदर्शनासाठी सुरू केला, वीस मिनिटं छान चालला, मग फट आवाज होऊन मागून घाण वासाचा धूर आला. तरीही पडद्यावर चित्र तसंच होतं! आता दुरुस्त होईल का?
— एक शिक्षक, सोलापूर

उत्तर : सर, नक्की होईल, आणि खर्चही फार नाही. धूर आला तो मेन्सच्या तारांवरच्या गोंगाट दाबणाऱ्या कपॅसिटरमधून. पारदर्शक पिवळसर आवरणाचे हे कागदी कपॅसिटर काळाने तडकतात, तड्यातून हवेतला ओलावा आत शिरतो आणि काही मिनिटांत ते फुटतात. ते फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये असतात, पुरवठ्याच्या मुख्य वाटेत नव्हे, म्हणून यंत्र चालू राहिलं. तरी पुन्हा लावू नका.

पुरवठ्याचा डबा उघडण्याआधी प्लग काढून अर्धा तास थांबा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतं. तो मीटरवर १० व्होल्टच्या खाली दिसल्याशिवाय हात घालू नका. मेन्सवरच्या कामाचा सराव नसेल तर हा डबा टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्या. विद्यार्थ्यांकडून तर हे काम मुळीच करून घेऊ नका.

बदलायचे भाग दोन : ०.१ मायक्रोफॅरड आणि ०.०१ मायक्रोफॅरड, दोन्ही 'एक्स २' वर्गाचे, २७५ व्होल्ट एसीचे. पायांमधलं अंतर जुन्याशी जुळवून घ्या. दुकानदार साधा ४०० व्होल्टचा पॉलिस्टर देऊ लागला तर नको म्हणा. एक्स २ चा कपॅसिटर खराब झाला तरी पेट घेणार नाही अशा पद्धतीने बनवलेला असतो, साध्याला ती हमी नाही. डबा उघडलाच आहे तर आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही १०५ अंशाचे बसवा. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, आणि सोलापुरात मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते.

दुरुस्तीनंतर पुरवठा लगेच संगणकाला जोडू नका. ५ व्होल्टच्या तारांना गाडीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावा. तो सुमारे एक अँपिअर घेतो आणि स्विचिंग पुरवठ्याला आवश्यक तो लोड मिळतो. ४.९ ते ५.१ व्होल्ट स्थिर राहिले तरच पुढे जा. नंतर यंत्र सुरू केल्यावर नेहमीच्या दोन सुरांऐवजी एकच सूर चालूच राहिला, तर सॉकेटमधले आयसी एकेक करून हलके उचलून पुन्हा घट्ट बसवा. इतक्या वर्षांत पायांवर साचलेला थर एवढ्यानेच निघतो आणि पुष्कळ बीबीसी त्यावरच सुरू होतात.

प्रश्न : आमच्या घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आहे. संगणकाच्या जाळीत कापसाचा भुगा बसतो. व्हॅक्यूम क्लीनर चालेल का?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : नको. त्याच्या प्लॅस्टिकच्या नळीवर स्थिर वीज साठते आणि ती जुन्या चिपना घातक आहे. रंगकामाच्या मऊ, कोरड्या ब्रशने भुगा सैल करून हलक्या फुंकरीने बाहेर काढा. सुताचा भुगा उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि पावसाळ्यात दमट होऊन पायांमध्ये ओल धरतो, म्हणून जुलै उजाडण्याआधी एकदा यंत्र उघडाच. वापर नसताना सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही.

प्रश्न : जुन्या ४८६ पीसीच्या मदरबोर्डवर निळ्या पिंपासारख्या बॅटरीभोवती हिरवा थर आला आहे. खायचा सोडा लावून धुऊ का?
— एक वाचिका, विजापूर रोड

उत्तर : सोडा आम्लावर चालतो, आणि ही गळती अल्कली आहे. आधी बॅटरी कापून काढा, कारण ती असेपर्यंत गळती थांबणार नाही. मग पांढरं व्हिनेगर जुन्या टूथब्रशने लावा. फेस थांबला की डिस्टिल्ड वॉटरने धुवा, हेच पाणी गाडीच्या बॅटरीसाठी गॅरेजमध्ये मिळतं. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार बोर्डावर राहतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि दोन दिवस सावलीत वाळवा. काळवंडलेला प्रत्येक ट्रॅक मीटरच्या कंटिन्युइटीवर तपासा आणि तुटलेला बारीक तांब्याच्या तारेने जोडा. कीबोर्ड कंट्रोलरचा सॉकेट सहसा याच कोपऱ्यात असतो, त्याचे पाय आधी बघा.

नवी बॅटरी म्हणून सीआर २०३२ लावणार असाल, तर मध्ये बीएटी ८५ सारखा शॉट्की डायोड हवाच. बोर्ड जुन्या बॅटरीला चार्ज करायचा, आणि सीआर २०३२ चार्ज केली तर फुगते किंवा फुटते.

प्रश्न : टेपरेकॉर्डरचा पट्टा वितळला आहे. मोबाइलवरून स्पेक्ट्रमला गेम देता येईल का?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : येईल. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा, एमपी३ करू नका. मोबाइलचा इक्वलायझर बंद, आवाज पूर्ण, आणि डेटा सुरू असताना फोन येऊ नये म्हणून फ्लाइट मोड. पडद्याच्या कडेच्या बॉर्डरवर आधी लाल-आकाशी रुंद पट्टे, मग निळे-पिवळे बारीक पट्टे धावले पाहिजेत. बॉर्डर ढिम्म हलत नसेल तर सिग्नल कमी पडतोय. अशा वेळी मध्ये छोटा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर लावा. चिकट झालेला पट्टा आयसोप्रोपिलने पुसून काढल्याशिवाय टेपरेकॉर्डरवर नवा चढवू नका.

प्रश्न : ४११६ चिप सोलापुरात मिळत नाहीत. दुकानदार ४१६४ लावा म्हणतो. लावू का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : थेट मुळीच लावू नका. ४१६४ ला पिन ८ वर ५ व्होल्ट हवे असतात आणि ४११६ च्या सॉकेटमध्ये त्याच पिनवर १२ व्होल्ट येतात. चिप तत्क्षणी जाईल. आधुनिक मेमरीचे छोटे बोर्ड ४११६ च्या जागी बसतील असे बनवलेले मिळतात, ते चालतात. ४११६ च हवी असेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारा, गरजेपेक्षा दोन जास्त घ्या, आणि छपाई अगदी कोरी-चकचकीत दिसली तर अल्कोहोलच्या बोळ्याने घासून बघा. अक्षरं निघून आली तर ती चिप पुन्हा छापलेली आहे, पैसे देऊ नका.