रात्री मेन स्विच बंद करून झोपणाऱ्या काकू

‘घरात एकटीच असते, लाईटचं काही झालं तर काय करायचं?’ हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणाऱ्यांत साठीच्या बायका असतात, तशी नोकरीसाठी पहिल्यांदाच खोली घेऊन राहणारी मुलंमुलीही असतात. त्यातल्या एका काकूंची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

यजमान गेल्यापासून काकू एकट्या राहत होत्या. मीटर, बिल, वायरमन हे सगळं यजमान बघायचे. आता त्या रोज रात्री मेन स्विच बंद करून झोपायच्या. फ्रिजमधलं दूध नासायचं, पंख्याविना झोप लागायची नाही. ऐन थंडीत गार पाण्याने आंघोळ चालली होती, कारण ‘नळाला हात लावला की मुंग्या येतात.’ मुलाने फोनवर सांगितलं, ‘आई, हे सगळं मनाचं आहे.’ त्यानेच त्यांना माझ्याकडे समुपदेशनासाठी पाठवलं.

मी विचारलं, ‘मुंग्या कधी येतात? गिझर बंद असतानाही?’

‘नाही हो मॅडम, चालू असतानाच.’

हे ऐकल्यावर मनाचा विषय मी बाजूला ठेवला. गिझरला हात लावू नका आणि आधी परवाना असलेल्या वायरमनला बोलवा, एवढंच त्यांना सांगितलं. गिझरमध्ये करंट उतरत होता, अर्थिंगची तार सुटलेली होती आणि घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका, बसवलेलाच नव्हता. ‘म्हणजे मला वेड लागलं नव्हतं,’ हे सांगताना काकूंचा आवाज चढला होता. तो राग मला रास्त वाटला. भीती खरी की खोटी हे तपासण्याआधीच कुणालाही धीर देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

दुरुस्ती झाली, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसला. काकूंनी वायरमनजवळ उभं राहून सगळं समजून घ्यावं, असं मी सुचवलं होतं. वायरवर भार जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झालं तर एमसीबी हा खटका पडतो, म्हणजे वीज आपोआप तोडतो. करंट भलत्या वाटेने, म्हणजे माणसाच्या अंगातूनही, जमिनीत जायला लागला तर आरसीसीबी पडतो. २,००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचंच सॉकेट लागतं, एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही. तोच गिझर अर्धा तास चालला की एक युनिट होतं. हे कळल्यावर त्यांना बिलाचाही अंदाज यायला लागला. प्रत्येक एमसीबीखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: देवघर, स्वयंपाकघर, गिझर.

अंधार झाला तर आधी खिडकीतून बघायचं. शेजारीही अंधार असेल तर वाट पाहायची किंवा १९१२ वर तक्रार नोंदवायची. फक्त आपल्याच घरात अंधार असेल तर कोरड्या हातांनी, पायात चप्पल घालून, बॅटरी घेऊन डीबीपाशी, म्हणजे या खटक्यांच्या पेटीपाशी, जायचं. पडलेल्या एमसीबीवरची उपकरणं काढायची, खटका पूर्ण खाली करून मग वर करायचा. पुन्हा पडला तर जबरदस्ती करायची नाही, वायरमनला फोन करायचा. जळका वास, ठिणगी, गरम झालेला बोर्ड किंवा भिंतीत पाणी दिसलं तर दुरुस्ती आपण करायचीच नाही. जमिनीवर पाणी नसेल आणि हात पोचत असेल तरच मेन बंद करायचा, नाहीतर लांब व्हायचं. दिवसाउजेडी आम्ही याचा सराव केला. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण त्यांनी स्वतः दाबलं, खटका पडला, आणि त्यांनीच तो वर केला.

यजमानांच्या खणातला टेस्टर मात्र त्यांना उचलवेना. तिथे वीज नव्हतीच, दुःख होतं. त्याबद्दल आम्ही पुढे बरंच बोललो, घाई न करता.

मेन स्विचची सवय हळूहळू सुटली. आधी फ्रिज सोडून बाकीचे एमसीबी बंद व्हायचे, नंतर पंख्याचाही चालू राहायला लागला. आंघोळीआधी गिझरचं बटण मात्र त्या आजही बंद करतात. ती सवय मी मोडायला गेले नाही; ती योग्यच आहे.