एएमवर १०० वॉटचा सेट २५ वॉटच का दाखवतो?

प्रश्न : माझा हॅम (हौशी रेडिओचा) परवाना नवा आहे. १०० वॉटच्या ट्रान्सीव्हरवर (बोलण्या-ऐकण्याच्या सेटवर) एएमचं, म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड मॉड्युलेशनचं, बटण दाबलं की मीटर २५ वॉटवर येतो. पॉवर वाढवली तर समोरचा म्हणतो, ‘आवाज फाटतोय.’ सेट बिघडलाय का? आणि सगळे एसएसबीवर (सिंगल साइडबँड या दुसऱ्या पद्धतीवर) असताना एएम वापरावं तरी का?
– एक वाचक

उत्तर : सेट ठणठणीत आहे, पॉवरच्या नॉबला हात लावू नका. एएममध्ये तुम्ही गप्प असलात तरी कॅरिअर (ज्यावर आवाज चढवतात ती मूळ लहर) चालूच असतो, आणि मीटर दाखवतो तो हाच. मॉड्युलेशन म्हणजे आवाजाप्रमाणे कॅरिअर कमीजास्त करणं; पूर्ण मॉड्युलेशनच्या शिखरावर व्होल्टेज दुप्पट होतं, म्हणजे पॉवर चौपट : २५ चे १००. कॅरिअर ६० वर नेलात तर शिखराला २४० वॉट लागतील. ते सेट आणणार कुठून? शिखरं छाटली जातात, आवाज फाटतो आणि आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सींवर कचरा पसरतो. ‘हॅलो’ म्हणताना सरासरी पॉवरचा काटा किंचित वर जायला हवा. खाली बसला तर एएलसी (पॉवर आपोआप आवरणारं सर्किट) कॅरिअरला दाबतंय असं समजा. कॉम्प्रेसर (हळू आवाज चढवणारी सोय) बंद करा, माइक गेन उतरवा, मग पुन्हा बघा.

हिशेबाने एएम तोट्यातच. एका सुराने पूर्ण मॉड्युलेशन केलं तरी दोन्ही साइडबँड (कॅरिअरच्या दोन बाजूंच्या, आवाज वाहणाऱ्या पट्ट्या) मिळून साडेबारा वॉट, आणि दोघांत मजकूर एकच. एसएसबी कॅरिअर गाळून त्यातला एकच साइडबँड पाठवते. वर रुंदी एसएसबीच्या साधारण दुप्पट, ६ किलोहर्ट्झ. त्यामुळे लांबच्या, कमजोर स्टेशनसाठी मी एएमच्या वाटेला जात नाही. पण सिग्नल दणदणीत असेल तर एएमवरच्या निवांत गप्पांची मजा एसएसबीला नाही. एसएसबीत १०० हर्ट्झ इकडेतिकडे झालं की माणूस बदकासारखा बोलतो. एएमला त्याचं सोयरसुतक नाही.

जागा मात्र बघून घ्या. १० मीटरच्या बँडवर २९.००० मेगाहर्ट्झच्या लगेच वर एएमवाले भेटतात, जागाही ऐसपैस. ४० मीटरवर ऐन गर्दीत कॅरिअर टाकलात तर शेजारच्या एसएसबीवाल्याच्या कानात शिट्टी वाजेल, आणि तो जे बोलेल ते इथे छापता येणार नाही! परवान्यात ए३ई (एएमचं सांकेतिक नाव) आहे ना, तेही पाहा.

ऐकताना कधी आवाज मधूनच विस्कटतो. फेडिंगमध्ये (सिग्नल वाटेत कमीजास्त होताना) कॅरिअर साइडबँडपेक्षा जास्त क्षीण झालेला असतो. अशा वेळी सेट एसएसबीवर घ्या आणि ट्यूनिंग फिरवून कॅरिअरच्या शिट्टीचा सूर उतरवत शून्यावर आणा. आता तुमच्या सेटचा स्वतःचा स्थिर कॅरिअर कामाला लागतो. एका बाजूला गोंगाट असेल तर दुसरा साइडबँड निवडायचीही सोय.