बॅटरीचा कोर्स की इलेक्ट्रिकलची डिग्री?

प्रश्न : आम्ही ऐरोलीत राहतो. मी रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे, सीईटीचा अभ्यास चालू आहे. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर आहे. आता जनरेटर काढून बॅटरी बसवा, असं सांगायला एका कंपनीचा माणूस सभेत आला होता. मुलीनं त्याला विचारलं, दिवसा लाइट गेली तर वर ऊन असूनही सोलर बंद का पडतं? त्याला नीट सांगता आलं नाही. तेव्हापासून तिला याच क्षेत्रात जायचंय. एक खासगी संस्था बॅटरी आणि स्मार्ट ग्रिडच्या सहा महिन्यांच्या कोर्सचे सव्वा लाख मागते. नातेवाईक म्हणतात, कॉम्प्युटर घ्या. साइटवरचं काम मुलीला झेपेल का, हीही काळजी आहे. काय करावं?

उत्तर : नमस्कार. सव्वा लाख भरू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा ठिकाणी 'दोनच सीट उरल्यात' म्हणून घाई करायला लावतात. बारावीच्या मुलीला त्या सर्टिफिकेटवर बॅटरीच्या पॅनेलला हात लावायला कोणी देणार नाही, आणि देऊही नये.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तो प्रश्न मला फार आवडला. गच्चीवरचा साधा सोलर इन्व्हर्टर महावितरणच्या पुरवठ्याचा ताल धरून चालतो. बाहेरची लाइट गेली की तो आपण होऊन बंद पडतो, आणि तसा पडायलाच हवा. नाहीतर लाइन बंद आहे असं समजून काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून आलेला करंट बसेल. बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लावला की तो इमारतीला आधी बाहेरच्या लाइनपासून तोडतो, मग आतल्या आत लिफ्ट आणि पंपाचा पुरवठा चालू करतो. बाहेरची लाइट परत आली की ताल जुळवून पुन्हा जोडतो. हे तोडणं-जोडणं बिनचूक व्हावं, यासाठी इंजिनिअर लागतात.

दुसरी गोष्ट डीसीची, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या करंटची. आपल्या घरातला एसी करंट सारखी दिशा बदलतो आणि सेकंदाला 100 वेळा शून्यातून जातो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी लगेच विझते. बॅटरीच्या डीसीला असा शून्य नाही. ठिणगी ताणली जाते, जळत राहते. म्हणून तिथं करंट तोडणारा ब्रेकर डीसीचाच लागतो. एसीचा स्वस्तातला बसवला तर पॅनेल पेटू शकतं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा एक सेल 3.2 व्होल्टचा असतो. असे 16 सेल एकामागे एक जोडले की 51.2 व्होल्ट होतात, आणि मोठ्या इमारतीच्या सिस्टिममध्ये हाच आकडा कित्येकशे व्होल्टवर जातो. हे सगळं इलेक्ट्रिकलच्या पायावर उभं आहे. म्हणून ब्रँच इलेक्ट्रिकल. कॉलेजच्या ब्रोशरमध्ये 'ग्रीन एनर्जी' अशी चकचकीत नावाची ब्रँच दिसली तरी आधी साधी इलेक्ट्रिकल पाहा. त्या डिग्रीवर पुढे महापारेषण, महावितरण, रेल्वे, कारखाने सगळीकडे अर्ज करता येतो. बॅटरीचा बाजार उद्या थंडावला तरी मुलगी अडकून पडत नाही.

बाजाराचंही खरं सांगतो. समजा तुमच्या सोसायटीनं 30 युनिट वीज साठवणारी बॅटरी घेतली, आणि दिवसाची वीज संध्याकाळपेक्षा युनिटमागे एक रुपयानं स्वस्त पडली. रोज दिवसा भरून संध्याकाळी वापरली तरी वर्षाला वाचतात 10,950 रुपये. भरता-काढताना दहाएक टक्के वीज वाया जाते, ती यातून वजा करा. बॅटरीची किंमत लाखांत. म्हणजे निव्वळ दरातल्या फरकावर हा सौदा बसत नाही. डिझेलशी तुलना केली तर चित्र बदलतं, कारण लहान जनरेटर लिटरमागे जेमतेम तीन युनिट देतो. पण ऐरोलीत महिन्याला लाइट जाते किती वेळ? सभेतल्या त्या माणसाला हा हिशोब लेखी मागा.

कारखान्यात मात्र हिशोब जमतो. तुमच्याच कंपनीचं वीजबिल पाहा. त्यात कमाल मागणीचा आकार वेगळा लावलेला असतो. सगळी यंत्रं थोडा वेळ एकदम चालली की महिनाभराचा आकडा वर जातो. शिवाय संध्याकाळी 5 नंतरचा दर चढा असतो. ती टोकं बॅटरीनं छाटता येतात. त्यात महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिलीत. तिथं यूपीएसमध्ये लेड-ॲसिडच्या जागी लिथियम येतंय. त्यामुळे सुरुवातीची नोकरी अशाच ठिकाणी शोधावी लागेल. सोसायट्यांचं काम आज थोडं आहे, आणि ते बहुतेक विक्रीचं आहे.

12 ऑक्टोबर 2020 ची सकाळ तुमच्या लक्षात असेल. कळवा-पडघा भागातल्या 400 केव्हीच्या लाइन बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. ग्रिडला, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या लाइनच्या जाळ्याला, प्रत्येक क्षणी जेवढी मागणी तेवढीच वीज लागते. फ्रिक्वेन्सी, म्हणजे मघाचा तो ताल, 50 हर्ट्झच्या आसपास, 49.90 ते 50.05 मध्ये धरून ठेवावी लागते. कोयनेसारखं जलविद्युत केंद्र मिनिटांत मदतीला येतं, बॅटरी सेकंदाच्या आत. एकट्या सोसायटीच्या बॅटरीनं ग्रिडला काही फरक पडत नाही. शेकडो इमारतींच्या बॅटऱ्या एका इशाऱ्यावर एकदम चालल्या तर पडतो. तो इशारा देणारं, दर आणि हवामान बघून कधी भरायचं ते ठरवणारं सॉफ्टवेअर कोणीतरी लिहावंच लागतं. तेव्हा नातेवाईकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. इलेक्ट्रिकल करता करता तिनं पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावी, मीटर आणि इन्व्हर्टर ज्या पद्धतीनं एकमेकांशी बोलतात ते मॉडबस समजून घ्यावं. कॉलेजात कॉम्प्युटरचं मायनर, म्हणजे जोडविषय, मिळत असेल तर घ्यावं. कॉम्प्युटर करून नंतर हाय व्होल्टेज शिकणारे मला फार भेटत नाहीत. सुरुवातीचा पगार मात्र सॉफ्टवेअरवाल्या मैत्रिणींपेक्षा बहुधा कमी असेल, हे तिला आत्ताच सांगा.

साइटचं म्हणाल, तर पहिली दोनेक वर्षं साइट चुकत नाही, आणि चुकवूही नये. यंत्रणा चालू करून देताना रात्री थांबावं लागतं. नोकरी धरताना परत येण्याच्या गाडीची सोय विचारायची, ती मुलानंही विचारावी. महावितरणमध्ये मुली तंत्रज्ञ म्हणून लाइनवर काम करतात. आणि सगळीच कामं उन्हातली नाहीत. राज्यभराच्या विजेचा तोल सांभाळणारं राज्य भार प्रेषण केंद्र तुमच्या ऐरोलीतच, ठाणे-बेलापूर रोडवर आहे. तिथलं काम नियंत्रण कक्षात बसून, पाळ्यांमध्ये चालतं.

सीईटी झाल्यावर तिला एक काम द्या. एका रविवारी सकाळी 6 ते रात्री 11, दर तासाला सोसायटीच्या कॉमन मीटरचं रीडिंग घेऊन आलेख काढायचा. पंप कधी चालतो, लिफ्ट कधी दमते, सोलर किती भागवतं, ते त्यात दिसेल. बॅटरी किती मोठी हवी, हे त्या आलेखावरून तिला स्वतःला काढता येईल. हे करताना कंटाळा आला तर क्षेत्राचा पुन्हा विचार करा.

फीचं शेवटी. 2024-25 पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. तुम्ही यात बसत असाल तर उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं ठाणे तहसीलमधून आताच काढून ठेवा. निकालानंतर सेतूत उभं राहायला जागा नसते.