बाहेरची नोकरी करून पाळकपण निभावता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मंडळी (म्हणजे एका चर्चमधले ख्रिस्ती लोक) लहान आहे, पूर्ण मानधन द्यायची तिची ऐपत नाही, मग पाळकाने, म्हणजे तिच्या धर्मसेवकाने, बाहेर नोकरी धरली तर ते चुकीचं आहे का, आणि धरलीच तर दोन्ही कसं जमवायचं.

मी 11 वर्षं हेच करतोय. आठवड्यातले पाच दिवस एका गोदामात स्टॉकचा हिशोब बघतो आणि उरलेल्या वेळात पाळक असतो, म्हणजे असं मी सुरुवातीला सांगायचो, प्रत्यक्षात "उरलेला वेळ" असं काही नसतंच हे कळायला मला दोन वर्षं लागली.

आधी चुकीचं आहे का ते बघू. येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरात अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाच्या घरी राहून तंबू करायचा हे बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात आहे आणि नोकरी करणारा प्रत्येक पाळक तीच ओळ पुढे करतो, मीही केलीय. पण दोनच ओळी खाली वाचा. त्याचे सोबती सीला आणि तीमथ्य मासेदोनिया प्रांतातून आले आणि पौल वचन सांगण्यात गढून गेला असं आहे, आणि मासेदोनियाहून आलेल्या भावांनी आपली गरज भागवली हे तो करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात स्वतःच सांगतो. म्हणजे मदत आली की त्याने हातातलं काम बाजूला ठेवलेलं दिसतं. आणि पहिल्या पत्राच्या 9 व्या अध्यायात तर तो स्पष्ट म्हणतो की सुवार्ता (येशूचा शुभसंदेश) सांगणाऱ्याची उपजीविका सुवार्तेवर व्हावी, फक्त तो हक्क आपण स्वतः वापरला नाही. तेव्हा नोकरी करणारा पाळक जास्त पवित्र नाही आणि मानधनावर जगणारा आळशी नाही. ज्याला जे भागतं ते त्याने करावं. काही मंडळ्या मात्र पौलाचं नाव घेऊन पाळकाला फुकटात राबवतात, त्यांना हा 9 वा अध्याय मोठ्याने वाचून दाखवावा असं माझं मत.

तुम्ही कॅथलिक असाल तर गोष्ट वेगळी. तिथे 1983 च्या धर्मसंहितेतल्या 286 क्रमांकाच्या नियमाने धर्मगुरूला अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय धंदा-व्यापार करता येत नाही. कायम डीकन (फादरच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक) असलेल्यांना मात्र यातून साधारण सूट आहे, ते नोकरी करतात, संसारही करतात. फ्रान्समध्ये 1940 च्या दशकात काही फादर थेट कारखान्यात आणि गोदीत मजुरी करायला गेले होते, कामगार चर्चपासून तुटलेत हे बघून. रोमला, म्हणजे पोपच्या कारभाराला, भीती वाटली की हे युनियनमध्ये आणि राजकारणात ओढले जातायत, 1954 मध्ये त्यांना बाहेर पडायला सांगितलं, काहींनी ऐकलं काहींनी नाही, आणि 1965 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. मला हा इतिहास आवडतो कारण त्यांनी पैशासाठी नाही, माणसांसाठी नोकरी धरली होती. माझं तसं नव्हतं. मी पैशासाठीच गेलो, घरात दोन मुलं होती.

प्रोटेस्टंट असाल तर तुमच्या पंथाची घटना, म्हणजे नियमावली, आधी वाचा, कुठे बिशपची लेखी परवानगी लागते, कुठे पंच कमिटीचा (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीचा) ठराव पुरतो. हे तोंडी उरकू नका.

आता जमवण्याचं. वेळापत्रक, अलार्म, कॅलेंडर हे सगळं मी करून बघितलं. सोमवारी सकाळी येत्या रविवारच्या संदेशाचा बायबलमधला उतारा एका कागदावर हाताने लिहून खिशात ठेवायचा आणि बसमध्ये वाचत राहायचा, ही एक सवय खरंच उपयोगी पडली, शनिवारी रात्री अकराला कोऱ्या पानासमोर बसणं थांबलं. (एका रविवारी झोप न झाल्याने बाप्तिस्म्याच्या वेळी मी बाळाऐवजी त्याच्या आजोबांचं नाव घेतलं होतं, ते अजून मला ऐकवतात.) पण याने तास वाचतात, मूळ दुखणं जात नाही. मूळ दुखणं असं की मंडळीने मानधन अर्धं केलं पण अपेक्षा पूर्णच ठेवल्या, आणि हे मी त्यांना कधी बोललोच नाही, उलट लाजेपोटी नोकरीचा विषयच टाळायचो.

ते फुटलं तिसऱ्या वर्षी. मंडळीतल्या एक आजी हॉस्पिटलमध्ये होत्या, दुपारी तब्येत ढासळली, घरच्यांनी मला सात फोन केले. आमच्याकडे स्टॉक मोजणीच्या दिवशी मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. संध्याकाळी साडेसहाला लॉकर उघडला, सात मिस्ड कॉल बघितले आणि तिथेच बाकावर बसून राहिलो. आजी चारलाच गेल्या होत्या.

पोचलो तेव्हा काय कळलं, तर घरच्यांना मी सापडेना म्हणून कोणीतरी आमच्या वडील मंडळीतल्या (पाळकाला मदत करायला निवडलेल्या जाणत्या लोकांतल्या) एका काकांना बोलावलं होतं, रिटायर्ड माणूस, उपासनेत प्रार्थना करायला सांगितली तरी घाबरणारे. ते दोन तास आजींचा हात धरून बसले, बायबलमधलं 23 वं स्तोत्र वाचलं, चष्मा घरी राहिला होता म्हणून अर्धं पाठ म्हटलं. आजींच्या मुलीने मला सांगितलं, "काकांनी छान सांभाळलं." त्यात टोमणा नव्हता, पण मला लागला, आणि लागल्यावर लक्षात आलं की मला दुःख दोन गोष्टींचं होतं, मी नव्हतो याचं आणि माझ्यावाचून अडलं नाही याचं. दुसरं दुःख जास्त होतं, हे कबूल करायला हवं.

त्यानंतर मी पंच कमिटीपुढे एक कागद ठेवला. नोकरी कुठे आहे, किती वाजता सुटतो, कोणत्या दिवशी फोन लागणार नाही, आणि मी काय करू शकणार नाही. घरभेटी मी महिन्यात आठच करेन, बाकी वडील मंडळी वाटून घेतील. आजारी माणसाकडे आधी ठरलेल्या दोघांपैकी एक काका किंवा मावशी जातील, मी त्याच दिवशी कामावरून सुटल्यावर. दर चौथ्या रविवारी संदेश दुसरं कोणी देईल. एक जण चिडले, म्हणाले मग तुम्हाला पाळक कशाला म्हणायचं. त्यांना मी बायबलच्या निर्गम या पुस्तकातला इथ्रो आठवून दिला, जावई मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलेला बघून जो म्हणाला की तू थकून जाशील आणि लोकही. ते गृहस्थ सहा महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत. आता चौथ्या रविवारी तेच संदेश देतात, आणि माझ्यापेक्षा लांब देतात.

नोकरी निवडताना एक पथ्य पाळा. मंडळीतल्या माणसांना काहीही विकायचं काम घेऊ नका, विमा, प्लॉट, साखळी मार्केटिंग, काहीच नाही. ज्याने काल तुमच्यापुढे रडून आपलं कर्ज सांगितलं त्याला आज पॉलिसी कशी दाखवणार? आणि तो नाही कसं म्हणणार? तसंच मंडळीतल्या कुणाच्या हाताखालीही नोकरी नको, रविवारी त्याच्या चुकीवर बोलताना जीभ अडखळते. शिकवणी, हिशोब, अनुवाद, शिफ्टची कामं बरी. नवरा-बायको दोघांनी बसून ठरवा, कारण आठवडाभर नोकरी आणि रविवारी सेवा म्हणजे सुट्टीचा दिवस तुमच्या घरात उरतच नाही, तो मुद्दाम काढावा लागतो. आम्ही सोमवारची संध्याकाळ काढली, मी फोन बायकोकडे देतो, अगदीच मरणाधरणाचं असेल तर ती सांगते.

ऑफिसात सांगायचं का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. सांगा, पण प्रचार करायला नाही, नियमासाठी. बाहेर दुसरी जबाबदारी असेल तर कळवावी लागते अशी अट बऱ्याच नोकऱ्यांत असते. मी सांगितलं तेव्हा सुपरवायझर एवढंच म्हणाला, मोजणीच्या दिवशी अंत्यविधी काढू नका. मग वर्षभराने त्याचेच वडील गेले, त्याचा धर्म वेगळा, मी काही विधी करायचा प्रश्नच नव्हता, तरी त्याने पहिला निरोप मला दिला. मी मोजणी अर्धी टाकून त्याच्याकडे गेलो, आणि उरलेली मोजणी दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून पूर्ण केली.