पंपाला किती मिली? तणनाशकांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या चार एकर सोयाबीनला पेरून सोळा दिवस झाले आहेत. पावसामुळे कोळपणी करता आली नाही आणि खुरपणीला मजूर मिळत नाहीत. दुकानदाराने इमाझेथापायर १० टक्के हे तणनाशक दिले असून पंपाला ५० मिली टाकायला सांगितले आहे. शेजारी गेल्या वर्षी ३० मिली टाकत होते. तण जळाले नाही म्हणून यंदा ते ८० मिली टाकणार आहेत. खरे प्रमाण कोणते? त्यातच अळीचे औषध मिसळले तर चालेल का? (एक वाचक, औसा तालुका, जि. लातूर)

उत्तर : ‘पंपाला किती’ या प्रश्नाला एकच एक उत्तर देता येत नाही, कारण तणनाशकाची शिफारस पंपावर नव्हे तर क्षेत्रावर केलेली असते. आपण नाव दिलेल्या तणनाशकाचे सोयाबीनसाठीचे प्रमाण हेक्टरी १ लिटर, म्हणजे एकरी ४०० मिली आहे. हे ४०० मिली आपल्या एका एकरात किती पंपांतून जाते, त्यावर प्रत्येक पंपातील मात्रा ठरते. एकराला १५ लिटरचे आठ पंप लागत असतील तर दुकानदारांचे ५० मिली बरोबर आहेत, आणि २०० लिटर पाणी, म्हणजे साधारण तेरा पंप लागत असतील तर शेजाऱ्यांचे ३० मिलीही तितकेच बरोबर आहेत. चूक ८० मिलीमध्ये आहे, कारण तेरा पंपांच्या हिशेबाने ती शिफारशीच्या अडीचपटीहून अधिक मात्रा होते.

आपला आकडा शोधायला फार खटाटोप लागत नाही. शेताच्या कडेला ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे बरोबर एक गुंठा जागा आखून घ्यावी. पंपात मोजून साधे पाणी भरावे, आणि जो माणूस प्रत्यक्ष फवारणी करणार आहे त्यानेच, त्याच नोझलने व नेहमीच्या चालीने तो गुंठा फवारावा. जेवढे लिटर पाणी संपेल त्याला ४० ने गुणले की एकरी पाणी मिळते. गुंठ्याला ५ लिटर लागले तर एकराला २०० लिटर, आणि १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. या तणनाशकासाठी एकरी २०० ते २४० लिटर पाण्याची शिफारस आहे, त्यामुळे आठ पंपांत एकर उरकणाऱ्याने मात्रा वाढवण्याऐवजी चाल कमी करणे अधिक योग्य. माणूस बदलला की चाल बदलते, म्हणून हे माप त्याच्यासाठी पुन्हा घ्यावे. नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट असावे. कीटकनाशकासाठी वापरले जाणारे गोल फवाऱ्याचे नोझल येथे उपयोगाचे नाही, कारण त्याचे बारीक थेंब वाऱ्यावर उडतात आणि जमिनीवर पट्टा सारखा पडत नाही.

शेजाऱ्यांचे तण ‘जळाले नाही’ यामागे बहुधा मात्रेपेक्षा वेळेचे कारण असावे. हे तणनाशक पाने जाळत नाही. वाढीसाठी लागणारी काही अमिनो आम्ले तयार करणारे विकर (एन्झाइम) ते बंद पाडते. त्यामुळे तणाची वाढ प्रथम थांबते, शेंडा पिवळा पडतो आणि रोप मरायला दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. चौथ्या दिवशी बांधावर उभे राहून निकाल लावणे घाईचे ठरते. दुसरे असे की तण दोन ते तीन पानांवर असतानाच ते पूर्ण दबते. केना हे तण एकदा जमिनीवर पसरून पेऱ्यांवर मुळे धरू लागला की फवारणीने पिवळा पडतो आणि पुन्हा फुटतो; हराळी आणि लव्हाळा तर जमिनीखालच्या कांड्या-गाठींवर जगतात, त्यांचा बंदोबस्त या एका फवारणीत होईल अशी अपेक्षा ठेवू नये. आपले सोळा दिवस म्हणजे अगदी योग्य वेळ आहे. जमिनीत ओल असावी, वारा शांत असावा आणि पाऊस तोंडावर नसावा. वाफसा आला की एक कोळपणीही जरूर करावी, मात्र फवारणीनंतर काही दिवस जाऊ द्यावेत.

सोयाबीन या औषधातून वाचते ते केवळ यासाठी की त्याचे रोप ते औषध आपल्या शरीरात वेगाने मोडून टाकते आणि तणाला ते जमत नाही. फवारणीनंतर सोयाबीनची कोवळी पाने थोडी पिवळसर दिसली तरी आठ-दहा दिवसांत पीक सावरते. मात्रा अडीचपट केली तर रोपाची ही पचनशक्ती अपुरी पडते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील काही कीटकनाशके हे विघटन मंद करू शकतात, म्हणून दोन्ही लेबलांवर स्पष्ट परवानगी नसेल तर अळीचे औषध त्यात मिसळू नये. एका फवारणीची मजुरी वाचते खरी, पण पीक पणाला लागते. टॉनिक आणि विद्राव्य खतेही त्याच टाकीत घालण्याची जी सवय पडली आहे, तिच्याविषयीही आमचे मत हेच आहे.

प्रश्न : उसात २,४-डी हे तणनाशक फवारले, त्यानंतर त्याच पंपाने कपाशीवर मावा-तुडतुड्यांचे औषध मारले. आता कपाशीची नवी पाने लांबट, भेंडीच्या पानांसारखी निघत आहेत. हा रोग आहे का? (एक वाचक, माजलगाव तालुका, जि. बीड)

उत्तर : हा रोग नसून २,४-डीचा परिणाम असल्याची दाट शक्यता आहे. कपाशी या रसायनाला कमालीची संवेदनशील आहे आणि टाकीत, नळीत किंवा नोझलच्या वायसरमध्ये उरलेला अंशसुद्धा पाने विकृत करायला पुरेसा असतो. द्राक्ष, टोमॅटो, वांगी आणि भेंडी यांनाही हाच धोका आहे. एस्टर स्वरूपातील २,४-डी उन्हात वाफ होऊनही शेजारच्या शेतात पोहोचते, त्यामुळे कपाशीच्या परिसरात ते टाळलेले बरे. फटका सौम्य असेल तर पुढची पाने हळूहळू नीट येतात. तोवर ओल टिकवून ठेवावी आणि उतारा म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या औषधांच्या मागे लागू नये. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पंप नळी-नोझलसह अनेकदा धुतला जातो, परंतु आमचा आग्रह तणनाशकासाठी वेगळा पंपच ठेवावा आणि त्यावर रंगाने मोठी खूण करावी, असा आहे.

प्रश्न : तणनाशक मारलेल्या सोयाबीनच्या रानात पुढे शाळू (रब्बी ज्वारी) पेरता येईल का? आणि बांधावरचे गवत जनावरांना चालेल का? (एक वाचक, बार्शी तालुका, जि. सोलापूर)

उत्तर : इमाझेथापायर जमिनीत काही महिने टिकते आणि पाऊस कमी झाला तर अधिक काळ राहते. हरभऱ्याला सहसा अडचण येत नाही, पण ज्वारी, मोहरी आणि भाजीपाला ही पिके त्याच्या अवशेषांना नाजूक आहेत. शाळू ठरलेलाच असेल तर सोयाबीनमध्ये कोळपणी व खुरपणीवर भर द्यावा. फवारणी झालीच असेल तर त्या रानातील माती कुंडीत घेऊन त्यात ज्वारीचे दाणे टाकावेत आणि शेजारी न फवारलेल्या मातीची कुंडी ठेवावी. पंधरा दिवसांत रोपांतील फरक डोळ्यांना दिसतो.

फवारा उडालेले गवत जनावरांना घालू नये आणि फवारलेल्या रानातून खुरपून काढलेले तणही गोठ्यात नेऊ नये. डबीच्या लेबलवरील त्रिकोणाचा रंग पाहावा : लाल सर्वांत विषारी, त्याखाली पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा त्रिकोण असला तरी हातमोजे, मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे टाळता येत नाहीत, आणि अडकलेले नोझल तोंडाने फुंकणे तर कधीच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी व मजूर दगावले, ती औषधे कीटकनाशके होती. तरीही उघड्या अंगाने आणि वाऱ्याच्या तोंडावर फवारण्याची सवय तणनाशकाच्या वेळीही तीच असते. रिकामी डबी तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे, डबीला भोके पाडावीत आणि ती विहीर-ओढ्यापासून दूर पुरावी. पक्की पावती मात्र हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी, कारण तक्रार करायची झाल्यास कृषी अधिकारी प्रथम तिच्यावरील बॅच क्रमांकच विचारतात.