'सुव्हेनिर'साठी 'स्मृतिचिन्ह' चालेल का?

पहिल्या महायुद्धात सैनिकांनी फ्रान्समधून घरी पाठवलेल्या वस्तूंवरच्या लेखाचा अनुवाद चालू आहे, त्यात 'सुव्हेनिर'ला 'स्मृतिचिन्ह' म्हणावे का, अशी पृच्छा आहे.

माझ्या मते नको. स्मृतिचिन्ह म्हटले की शाल, श्रीफळ आणि प्रमुख पाहुणे आलेच. ते 'प्रदान' करावे लागते. 'स्मरणिका' तर आपण जाहिरातींनी भरलेल्या संमेलनाच्या अंकाला कधीच देऊन टाकली.

मी सरळ 'आठवण' लिहीन. मूळ फ्रेंच शब्दही तोच, आणि तो मनातल्या आठवणीला चालतो तसा हातातल्या वस्तूलाही. मराठीत 'ही आजोबांची आठवण' म्हणत आपण त्यांचे घड्याळच दाखवतो ना? त्या काळच्या रेशमी कार्डांना तर हा शब्द नेमका बसतो. फ्रान्स-बेल्जियममधल्या बायका रेशमी जाळीच्या लांब पट्टीवर एकच नक्षी पुनःपुन्हा भरत, मग तुकडे कापून ते कार्डांवर चिकटवले जात. फुले, दोस्त राष्ट्रांचे झेंडे, खाली 'सुव्हनीर द फ्रान्स', म्हणजे 'फ्रान्सची आठवण'. काहींना चिमुकला खिसा असे, आत शुभेच्छांचे कार्ड. भरतकाम मळू नये म्हणून ती बहुधा पत्रासोबत पाकिटातून जात. म्हणून कित्येकांच्या पाठीवर ना पत्ता, ना तिकीट.

लेखात तोफगोळ्याच्या पितळी पुंगळीच्या फुलदाण्याही असतीलच. अशा वस्तूंना इंग्रजीत 'ट्रेंच आर्ट' म्हणतात; तिथे त्याचे 'खंदककला' करू नका. यातल्या पुष्कळ वस्तू पिछाडीच्या कार्यशाळांत, इस्पितळांत, युद्धकैद्यांच्या छावण्यांत आणि स्थानिक कारागिरांकडे घडल्या. खंदकात बसून पितळ ठोकायला सवड आणि अवजारे कुठली? 'पुंगळीची फुलदाणी' एवढे पुरे.

जर्मन सैनिकाचे टोकदार शिरस्त्राण किंवा पट्ट्याचे बक्कल मात्र 'आठवण' नव्हे. 'विजयचिन्ह'ही जरा मोठेच होते; १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या पोर्तुगीज घंटा मेणवलीसारख्या ठिकाणी देवळांत टांगल्या गेल्या, त्यांना तो शब्द शोभतो. एकट्या शिपायाने उचललेल्या वस्तूला 'लुटीतली वस्तू' म्हणा. इंग्रजी बोलणाऱ्या सैनिकांनी 'सुव्हेनिर'चे क्रियापदही केले होते, अर्थ गुपचूप उचलणे. तसे वाक्य आले तर बिनदिक्कत 'लांबवले' किंवा 'ढापले' लिहा.