शनिवार-रविवार खोलीत काढू नकोस

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. काम बरं चाललंय, साहेब समजून घेतात, जपानी आता थोडी थोडी कळायला लागली आहे, हे वाचून बरं वाटलं. पण शेवटच्या दोन ओळी मनाला लागल्या. शुक्रवारी रात्री खोलीत शिरतोस ते सोमवारी सकाळीच बाहेर पडतोस, आणि रविवार सगळा घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर जातो. आईला सांगू नको म्हणालास, नाही सांगणार. पण तुला मात्र स्पष्ट सांगते, हे असंच चालू देऊ नकोस.

टोकियोत एकटं पडायला काही करावं लागत नाही. खाली कोन्बिनी, म्हणजे किराणा-खाण्याचं दुकान, चोवीस तास उघडं. जेवण एका माणसापुरतं तयार मिळतं. रामेनच्या दुकानात मशिनमधून तिकीट काढायचं, काउंटरवर बसून खायचं आणि निघायचं, तोंडातून शब्दही काढावा लागत नाही. महिनेच्या महिने असे निघून जातात. या देशाने २०२१ च्या फेब्रुवारीत एकटेपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला आणि २०२४ च्या एप्रिलपासून त्यासाठीचा कायदाही लागू झाला. तेव्हा तुझ्यात काही कमी आहे असं मनात आणू नकोस. तिथे जन्मलेल्या लोकांनाही हा त्रास होतो.

ऑफिसमधल्यांनी इझाकायाला, म्हणजे पिण्या-खाण्याच्या जागी, बोलावलं तर मी शाकाहारी, पीतही नाही, म्हणून नाही म्हणालास. तुझं कारण खरं आहे, पण त्यांच्यापर्यंत फक्त ‘नाही’ पोचलं. तिथली माणसं समोरच्याला अवघडायला नको म्हणून पुन्हा पुन्हा विचारत नाहीत. आता पुढचा शब्द तू टाकायचा. ‘त्या दिवशी जमलं नाही, पुढच्या वेळी मला नक्की सांगा,’ एवढं बोल. तुटक्या जपानीत बोललास तरी चालेल.

जायचं ठरलं की जो सगळं ठरवतो, त्याला कांजी म्हणतात, त्याला चार दिवस आधी तुझं खाणं सांग. ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. मांस नाही, मासे नाहीत, माशाचा दाशी, म्हणजे रस्सा, तोही नाही, असं एकेक सांग, कारण मिसो सूपपासून भाजीच्या रश्श्यापर्यंत कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेली मासळी, कुठेही असते. थंडगार तोफूवरसुद्धा तिचा चुरा भुरभुरवून आणतात. एदामामे म्हणजे सोयाबीनच्या हिरव्या शेंगा, बटाट्याच्या चकत्या, खारवलेल्या भाज्या यांवर संध्याकाळ निघते, आणि कांजीला आधीच माहीत असेल तर तो दुकान बघूनच निवडतो. ते लोक ही जबाबदारी फार मनापासून घेतात. काम्पाईच्या वेळी, म्हणजे सगळे ग्लास उंचावतात तेव्हा, तुझ्या हातात थंड ऊलाँग चहा असला तरी कोणी काही म्हणत नाही. फक्त सगळ्यांचे ग्लास येईपर्यंत घोट घेऊ नकोस, आणि शेजारच्याचा ग्लास रिकामा दिसला तर तू ओत. न मागता समोर खाण्याची छोटी वाटी येते तिचे वेगळे पैसे लागतात, टिप कुठेच द्यायची नाही, आणि बिल बहुधा डोक्यावर सारखं वाटतात. माणशी तीन ते पाच हजार येन धरून चल. तू चहाच प्यालास म्हणून तिथे हिशोब मांडत बसू नकोस. महिन्याचा खर्च आधीच बाजूला काढ आणि तेवढ्यातच जा. पहिली बैठक संपली की दुसरीकडे जायचं निघेल. मन नसेल तर तिथेच आभार मानून निघ, कोणाला वाईट वाटत नाही. शेवटची गाडी रात्री बाराच्या आसपास सुटते. ती चुकली तर टॅक्सीला खिसा रिकामा होतो, नाहीतर पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत कराओकेत बसावं लागतं.

पण दोस्ती काही इझाकायात होत नाही. तिथे ओळख होते. दोस्ती होते ती दिवसाउजेडी, सोबत चालताना. म्हणून ताकाओ डोंगरावर जा. शिंजुकूहून केइओ लाइनने तासाभराच्या आत ताकाओसानगुचीला पोचतोस, भाडं पाचशे येनच्या आत. डोंगर ५९९ मीटरचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीत पाय मुरलेल्या पोराला काहीच नाही, पण रमतगमत चालायला फार चांगला. पहिल्या वाटेवर बहुतेक फरसबंदी आहे, मध्ये याकुओइन देऊळ लागतं. ज्यांना नीट चढायचं आहे त्यांनी इनारियामाची वाट धरावी. थंडीतल्या स्वच्छ सकाळी माथ्यावरून फुजी दिसतो. वाटेत समोरून येणारा अनोळखी माणूस ‘कोन्निचिवा’ म्हणतो. शहरात लिफ्टमध्ये मान वर न करणारी माणसं तिथे आपणहून बोलतात, आणि तुझी जपानी खरी तिथेच सुटेल. कचरापेटी कुठेही नसते, तेव्हा पिशवी ने आणि सगळं परत घरी आण. उतरलं की स्टेशनाला लागूनच गरम पाण्याचं स्नानगृह आहे. तिथे अंग शेकत माणसं जे बोलतात ते ऑफिसात कधीच बोलणार नाहीत.

मी तिथे होते तेव्हा माझा डोंगराचा ग्रुप असाच जमला. त्यातल्या एका बाईंशी माझं बोलणं बरेच दिवस फक्त हवा आणि बूट यांपुरतं होतं. २०११ च्या ११ मार्चला, शुक्रवारी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. टोकियोतल्या गाड्या बंद पडल्या, फोन लागेनात, लाखो माणसं रस्त्याने पायी निघाली. माझं घर चालत जाण्याच्या अंतरावर नव्हतं. ऑफिसच्या जिन्यात बसून काय करावं ते कळत नव्हतं, तेवढ्यात बाईंचा उशिराने पोचलेला ई-मेल दिसला. त्यात पत्ता होता, कुठल्या चौकात वळायचं ते होतं आणि खाली एकच ओळ, जेवून घेऊ नका, भात लावलाय. त्या रात्री मी त्यांच्याकडे झोपले. धक्के येतच होते. दर धक्क्याला त्या उठून गॅस बघायच्या आणि माझ्या अंगावरचं पांघरूण सारखं करायच्या. तुझी आई त्या वेळी इकडे टीव्हीसमोर रडत बसली होती, कारण मी कुठे आहे हे तिला कळायला मार्ग नव्हता. मी मात्र एका घरात होते, माणसांत होते. जपानमध्ये भूकंप होणारच बाळा. त्या दिवशी कोणाचा पत्ता तुझ्याकडे असेल, हे असल्या शनिवारांवर ठरतं.

आपली माणसंही धरून ठेव. टोकियोतल्या निशिकासाई भागात अजून गेला नसशील तर तोझाई लाइन पकड आणि जा. सन २००० च्या सुमारास संगणकवाले भारतातून मोठ्या संख्येने आले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी तिथल्या एदोगावा वॉर्डात भाड्याने घरं घेतली. यूआर या निमसरकारी संस्थेच्या भाड्याच्या इमारतींत हमीदार लागत नाही, मालकाला नजराणा द्यावा लागत नाही, हेही एक कारण. त्याच वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक निवडून आले, ते मराठीच. गणपतीला आणि दिवाळीला मराठी मंडळी जमतात तेव्हा जा, खुर्च्या लाव, ताटं वाढ. नुसता जेवायला गेलास तर पाहुणाच राहशील. पण सगळे शनिवार तिथेच घालवू नकोस. वडापाव आणि गावच्या गप्पा यांत दहा वर्षं काढून जपानी शेजाऱ्याचं नावही माहीत नसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि मला त्यांचं वाईट वाटतं.

उलट या दोन जगांची गाठ तू घाल. एक रविवार चार जणांना घरी बोलाव आणि पुरणपोळी कर. हसू नकोस, तुला जमेल. हरभऱ्याची डाळ आणि आपली कणीक टोकियोतल्या शिनओकुबो भागातल्या दुकानांत मिळते. गूळ नाही मिळाला तर ओकिनावाचा कोकुतो, म्हणजे तिकडची काळी साखर, घे, उसाचाच असतो, रंग गडद येतो पण चव लागते. शिजवलेल्या डाळीचं गोड सारण त्यांना नवीन नाही, अझुकी या लाल कडधान्याचं ‘आन’ ते लहानपणापासून खातात. पहिल्या घासालाच ओळख पटते. मी केली तेव्हा एक आजी उठून ओट्याशी आल्या, चाळणीतून पुरण काढायला लागल्या, आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा सराईत होता. गणपतीत मोदक करायचे असतील तर सुपरमार्केटात जोशिन्को नावाचं तांदळाचं पीठ घे. शिरातामा नावाचं दुसरं पीठ चिकट असतं, ते घेऊ नकोस, उकड हाताला सुटणार नाही.

बोलावताना ‘कधीतरी या’ म्हणू नकोस, त्याने कोणी येत नाही. तारीख दे, तीन-चार आठवडे पुढची, आणि किती वाजता संपेल तेही सांग. भिंती पातळ असतात, रात्री नऊनंतर आवाज कमी. उलट तुला कोणी बोलावलं तर रिकाम्या हाताने जाऊ नकोस, आणि पुन्हा भेटशील तेव्हा आधी त्या दिवसाबद्दल आभार मान. निघायच्या आत पुढची तारीख काढून ठेव. तारीख ठरली नाही तर सहा महिने कसे जातात कळत नाही.

घरी फोन करच, पण वेळ बांध. इकडे सकाळचे सात म्हणजे तिकडे साडेदहा. रविवारी त्या वेळी आईशी अर्धा तास बोल आणि मग चप्पल घाल. आणि एक पक्कं लक्षात ठेव, पिऊन सायकल चालवणाऱ्याला २०२४ च्या नोव्हेंबरपासून कडक शिक्षा आहे, तुरुंगवाससुद्धा. तू पीत नाहीस, पण मित्र पीत असेल तर त्याला सायकल स्टँडवरच ठेवायला लाव. बाहेर पडताना रेसिडन्स कार्ड खिशात हवंच.

हे सगळं करूनही काही दिवस उठवणारच नाही, कोणाशी बोलावंसं वाटणार नाही. तसे आठवडे लांबत गेले तर मला लपवू नकोस. टोकियोत टेल नावाची हेल्पलाइन आहे, इंग्रजीत बोलता येतं, तिथे फोन कर किंवा डॉक्टरकडे जा.

सध्या मात्र सोमवारी ऑफिसातल्या एखाद्या सहकाऱ्याला ताकाओचं विचार. नऊला तिकीट गेटापाशी भेटायचं ठरलं तर पावणेनऊलाच उभा राहा. पुरणाचं प्रमाण वेगळं लिहून पाठवते, तुझ्या खोलीत एकच शेगडी आहे ना, तेवढं कळव.

तुझी,
मावशी